पूर्वीचे नाव असल्यास

रकाना १. संपूर्ण नाव.

दीप्ती पिराजी चौगले.

हे एका दमात लिहिलं. पेन नवीन होतं.

रकाना ४. पूर्वीचे नाव असल्यास.

इथं थांबते. आधी बाकीचं सांगते.

२००७ साल. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची फाउंड्री. मी टाइम ऑफिसला. हजेरी, रजा, गेटपास, ओळखपत्रं. त्या वर्षी परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक लागलं आणि त्यानं अट घातली: कारखान्यातल्या प्रत्येक माणसाची माहिती तपासून घ्या, घरी जाऊन. पुण्याची एजन्सी नेमली. एजन्सीनं चार पानी फॉर्म पाठवला. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात, माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त.

एकशे त्रेचाळीस माणसांकडून तो फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं.

मोल्डिंगचा गुंडू माझ्या टेबलासमोर बसला. हाताची काळी माती पँटला पुसली.

"मॅडम, घरात मला बाळू म्हणत्यात. लिवू चौथ्यात?"

"घरातलं नको. कागदावरचं. लग्नात बदललेलं, गॅझेटात बदललेलं."

"लग्नात बायकूचं बदललं की. माझं कशाला बदलतंय?"

मागं रांगेत उभे असलेले हसले. गुंडूनं 'लागू नाही' लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली.

कोअर शॉपमध्ये साच्याचे गाभे करणाऱ्या बायकांचा चौथा रकाना भरगच्च. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, आणि सासरी ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं नवं नाव. चिमणाबाईनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, ह्यात मावत न्हाई ओ मी."

"पानाच्या मागं लिहा."

"मागं व्हय? मग बरं."

रकान्याखाली बारीक अक्षरात नाव बदलण्याचं कारण विचारलेलं. विवाह, दत्तक, धर्मांतर, इतर. इतर असल्यास स्पष्ट करा. स्पष्ट करायला एक ओळ, चार बोटं रुंदीची.

सगळ्यांना मी एकच सांगत होते. लपवू नका. नाव बदलणं गुन्हा नाही. लपवलं तर नोकरी जाईल.

एकशे बेचाळीस फॉर्म गोळा झाल्यावर मी माझा घेतला.

रकाना ४. लागू नाही.

रकाना ४. पण खरा.

आम्ही मुरगूडचे. पिराजी चौगलेंना पहिली मुलगी झाली, आक्काताई. दुसरी झाली, क्रांती. तिसरी मी. बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगितलं ते नाव नकुसा. म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. नको असलेलीला नको म्हटलं की देवाला समजतं, पुढचा मुलगा देतो. दोन वर्षांनी विश्वजित झाला. देवाला समजलं होतं.

आई माझ्यावर रागवायची नाही. उलट. विश्वजितच्या बारशाला पहिला पेढा माझ्या तोंडात घातला म्हणतात. ह्या पोरीनं आणलं त्याला. लोक मला बघायला यायचे.

शाळेत गुरुजी हजेरी घेताना माझ्या नावापाशी चष्म्यावरून वर्गाकडं बघायचे. मग वर्ग ओरडायचा, नको, नको. गुरुजीही हसायचे. वाईट माणूस नव्हते. तेवढीच त्यांना गंमत.

कोल्हापूरला आले, बी.कॉम. झाले. राजारामपुरीत एका क्लासमध्ये रिसेप्शनला बसत होते, तेव्हा २००१ च्या जानेवारीत गॅझेट केलं. दीप्ती हे नाव क्लासमधल्या एका मुलीचं होतं. ती सारखी उशिरा यायची आणि तिचे वडील स्कूटरवर बाहेर तिची वाट बघत उभे असायचे. रोज. मी ते नाव घेतलं. डिग्रीचं सर्टिफिकेट नव्या नावानं करून घेतलं. फाउंड्रीत लागताना तेवढंच दाखवलं. शाळेचा दाखला कुणी मागितला नाही.

गॅझेटनंतर तिसऱ्या आठवड्यात विश्वजितची मोटरसायकल उसाच्या ट्रेलरखाली गेली. पायात सळई घातली. आई दवाखान्यात त्याच्या उशाशी आठ दिवस बसली. नवव्या दिवशी मला म्हणाली, "तुज्या त्या नावावर ह्येचा जीव टांगलाय. बदलू नगंस."

मी म्हटलं, बदललं आई.

त्या दिवसापासून आई नवं नाव तोंडातून काढत नाही. ऐकतही नाही.

एजन्सीचा अहवाल. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकोणचाळीस हिरवे, तीन पिवळे, एक लाल.

लाल: दीप्ती पिराजी चौगले. कायमचा पत्ता मुरगूड. प्रत्यक्ष भेट. सदर नावाची व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर नाही. घरातील ज्येष्ठ महिला श्रीमती तानाबाई पिराजी चौगले यांचे म्हणणे: अशी मुलगी आमच्या घरात नाही.

अहवाल पाकिटातून मीच काढला. माझ्याच टेबलावर येतात पाकिटं. मी तो फायलीत लावून प्रसेनजीत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि उभी राहिले.

प्रसेनजीत सर आमचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांनी वाचलं. परत वाचलं.

"चौगले मॅडम, हे काय?"

मी सांगितलं. सगळं नाही. नाव सांगितलं, गॅझेट सांगितलं.

ते बराच वेळ स्टेपलर उघडझाप करत बसले. "आमच्या आजोबांनी धम्म घेतला आणि घरातल्यांची नावं बदलली. कचरू, धोंडू, असली सगळी. एका दुपारी. गाव जुन्यानंच हाक मारायचं. आजोबा वळून बघायचे नाहीत."

"आणि घरातले?"

"घरातले कसे मारतील जुन्यानं? घरानंच बदललं होतं."

मग त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते फायलीकडं बघायला लागले.

"बुधवारपर्यंत वेळ आहे. चौथा रकाना दुरुस्त करा, गॅझेट जोडा, घरच्यांचं एक पत्र आणा. नजरचुकीनं राहिलं असं मी लिहितो. पण परत लागू नाही म्हणून आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"सर, फलकावरच्या यादीत छापलं जाईल ते?"

"यादी तुम्हीच टाइप करता मॅडम."

रविवार. मुरगूड. आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलेली.

"आलीस व्हय नकू. बस."

"आई, एक माणूस आला होता मोटरसायकलवर?"

"आलता की. पाणी दिलं. च्या नगो म्हटला."

"काय विचारलं त्यानं?"

"ती दी..." आई थांबली. तोंडात आलेलं गिळलं. "ती कोण पोरगी हितं ऱ्हाती का म्हणला. न्हाई म्हटलं. ऱ्हाती व्हय?"

"मी राहत नाही?"

"तू हाईस की. तुजं नाव कुठं काढलं त्यानं? तीन पोरी हाईत, नावं सांगितली त्येला. आक्काताई, क्रांती, नकुसा. ल्हिऊन घेतोस का म्हटलं, तर न्हाई म्हणला, नगो."

"माझी नोकरी जाईल आई."

आईचे हात थांबले नाहीत. शेंगा पाटीत पडत राहिल्या.

"शिकलीस, कोल्हापूरला ऱ्हायलीस, लगीन नगो म्हटलीस. तवा मी आडवी आलो? येक नाव तेवढं ठेव म्हटलं. त्येला काय खायाला घालाय लागतंय?"

विश्वजित आतून आला. सव्वीस वर्षांचा. थंडीत अजून लंगडतो. "दे की आई अंगठा. मला काय बी हुत न्हाई."

"तू गप. तुला शुद्ध तरी हुती का आठ दिस?"

मी कागद लिहूनच आणला होता. वाचून दाखवला. माझी मुलगी नकुसा हिनेच दीप्ती हे नाव...

आईनं दोन्ही कान झाकून घेतले. मातीच्या हातांनी. विश्वजित हसायला लागला आणि आईचा चेहरा बघून थांबला. ती नाटक करत नव्हती. तिला भीती वाटत होती. माझी.

आप्पा असते तर सही केली असती का, कोण जाणे. ते गेले त्याला चार वर्षं झाली.

मी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. दुसरा काढला. नकुसा पिराजी चौगले ही माझी तिसरी मुलगी आहे. एवढंच लिहिलं. नकुसाची दीप्ती झाली हे गॅझेट सांगणार होतं.

"वाच."

वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. आईनं पदराला हात पुसले. शाईच्या पॅडवर अंगठा आपणहून दाबला आणि कागदावर असा रेटला की कागद खाली चिकटून राहिला. मग अंगठ्याकडं बघत म्हणाली, "आन येक लावू?"

"एक पुरतो."

विश्वजित स्टँडपर्यंत सोडायला आला. एसटी लागल्यावर मी आत बसले. खिडकीपाशी येऊन म्हणाला, "नकूताई, रागवू नगंस तिच्यावर." मग जरा वेळानं, "माझ्यावर बी."

रकाना ४. पूर्वीचे नाव असल्यास.

नकुसा पिराजी चौगले.

बदलण्याचे कारण. विवाह नाही. दत्तक नाही. धर्मांतर नाही.

इतर. स्पष्ट करा.

'वैयक्तिक' लिहिलं. खोडलं. 'नाव आवडत नव्हते' लिहिलं. खोडलं. मला आवडत नव्हतं हे कारण नाहीच. नाव माझ्या आवडीसाठी ठेवलं नव्हतं, एका कामासाठी ठेवलं होतं. चार बोटांची ओळ खोडाखोडीनं भरत आली. शेवटी उरलेल्या जागेत दोन शब्द बसले.

मुलगा झाला.

प्रसेनजीत सरांनी वाचलं. म्हणाले, "हे असंच पाठवू?"

"खरी माहिती आहे सर."

त्यांनी खाली सही केली.

आठवड्यात हिरवा शेरा आला. नोकरी राहिली.

आमच्या फाउंड्रीत कशाचीही यादी फलकावर लागते. बोनस, सुट्ट्या, रक्तदान. ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं सही करायची. तपासणीचीही लागली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पूर्वीचं नाव, तिसऱ्यात सही. मी टाइप केली. माझी ओळ एकोणचाळिसावी. ती टाइप करताना कीबोर्ड तोच होता, बोटं तीच, आणि एक चूकही झाली नाही.

सकाळच्या पाळीला माणसं फलकासमोर जमली. मी काचेआडून बघत होते. गुंडू बोट लावून वाचत होता. एकोणचाळीसपाशी बोट थांबलं. तो खिडकीशी आला.

"मॅडम, तुमी बी व्हय?"

वाटलं, आता हसेल. पण गुंडूचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला.

"आमच्यात बी हाय एक. तिच्या पाठीवर मीच." त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "गुण आला बघा नावाचा."

"काय म्हणता तिला आता?"

"कुणाला?"

"बहिणीला."

"नकूच की. दुसरं काय म्हणायचं?"

त्यानं खिडकीतून हात घालून माझ्या टेबलावरचं पेन उचललं, फलकाकडं गेला, आपल्या नावापुढं लफ्फेदार सही केली आणि पेन मागं पाठवून दिलं. ते हातोहात माझ्याकडं आलं. देणारी चिमणाबाई होती. मी बाहेर गेले. माणसांनी वाट दिली.

एकोणचाळिसाव्या ओळीपुढं मी सही केली. दीप्ती. अक्षर नेहमीसारखं आलं.

"मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "बाहेर जायला गेटपास पायजे हुता."

"कोणत्या नावानं?" मी विचारलं, आणि टेबलाकडं परत गेले.