आत्याने दिलेली साक्ष

आत्या सदतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. भल्याभल्यांना फोनवर गप्प करणारी बाई. तीच एका दुपारी भाचीच्या ऑफिसात आली, टेबलावर मोबाइल ठेवला आणि खालमानेने म्हणाली, "ठमे, तू वकील आहेस ना? आधी मला रागावून घे, मग सल्ला दे."

मोबाइलवर रंगीत चक्राचा खेळ होता. एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणी तिथे जमायच्या, गप्पा मारायच्या, चक्र फिरवायच्या. सुरुवातीची नाणी फुकट. नशीब असेल तर ती वाढायची, नाहीतर संपायची. संपली की एक तर उद्यापर्यंत हात चोळत बसायचं, नाहीतर पैसे भरून नवी नाणी घ्यायची. पेन्शनचा चांगला लचका त्या चक्राने तोडला होता.

ठमी रागावली नाही. तिने आत्या आणि पाच मैत्रिणींच्या वतीने तो खेळ चालवणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला.

कायदा सोपा होता, अडचण तिथेच होती. पैसे लावावे लागतात, निकाल नशिबावर अवलंबून असतो आणि जिंकलं तर मोलाचं काहीतरी मिळतं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो जुगार. कंपनी म्हणत होती, आमची नाणी कुणी रोख करूनच देत नाही, मग मोल कसलं? हा तर नुसता विरंगुळा. "ही केस तुझ्या अंगाशी येईल," असं ठमीला तिच्या सीनियरनेही बजावलं होतं. तिने पुस्तकांचा ढीग उपसला, पण तिसऱ्या मुद्द्यावर गाडी अडायची ती अडायचीच.

आत्या साक्षीला उभी राहिली, तेव्हा कंपनीचे वकील हसतमुखाने पुढे आले.

"बाई, या नाण्यांनी भाजी विकत घेता येते?"

"नाही."

"घरी नेता येतात?"

"नाही."

"म्हणजे त्यांची किंमत शून्य. बरोबर?"

आत्याने चष्मा नीट केला आणि न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, जरा सविस्तर सांगू?"

"सांगा."

"मी परगावचे ट्रंककॉल जोडायचे. तीन मिनिटं झाली की विचारायचे, वाढवायची का? लोक वाढवायचे. कुणाची मुलगी परगावी बाळंत झालेली असायची, कुणाचा नवरा आजारी. ती मिनिटं कुणी पिशवीत घालून घरी नेली नाहीत, की त्यांची भाजी घेतली नाही. तरी टेलिफोन खात्याने त्यांचं बिल लावलंच ना? कारण मिनिट म्हणजे आणखी बोलायला मिळणं. तसं हे नाणं म्हणजे आणखी खेळायला मिळणं. जिंकले की ते मला फुकटात मिळतं, हरले की विकत घ्यावं लागतं. बिनकिमतीची वस्तू यांनी मला रोज विकली कशी?"

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "शेवटचं वाक्य पुन्हा सांगा, सावकाश." वकीलसाहेब आपले कागद चाळत राहिले. ठमीने मान खाली घातली, पण ते डोळे पुसायला. जे तिला महिनाभर सुचत नव्हतं, ते आत्याने साध्या शब्दांत मांडून टाकलं होतं.

सहा आठवड्यांनी निकाल लागला. पुढे खेळायला मिळणं हीच मोलाची गोष्ट आहे, सबब हा खेळ जुगारच ठरतो. सहाही जणींचे पैसे परत करावेत. निकालाच्या चौदाव्या परिच्छेदात आत्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं.

सीनियरने फोन करून ठमीची पाठ थोपटली. "मुद्दा भन्नाट काढलास!"

"माझा नाही, सर. माझ्या आत्याचा," ठमी ताठ मानेने म्हणाली.

कोर्टाच्या जिन्यावर तिने आत्याच्या हातात निकालाची प्रत दिली. आत्याने चौदावा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाली, "माझं आडनाव बरोबर लिहिलंय, ते बरं झालं. लोक नेहमी चुकवतात."

ठमीने तिची पिशवी घेतली. फाटकापाशी ओळखीचा टायपिस्ट भेटला. त्याने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "या माझ्या आत्या. यांनी केस जिंकली."

आत्याने या वेळी मान खाली घातली नाही.