पत्र्यावरचा दुधी

कर्जत-खालापूर रस्त्याला पोरांचं सुधारगृह बांधलं तेव्हा कंत्राटदाराने भिंत दहा फुटी केली आणि बराकीवर नुसते पत्रे ठोकले. चोरीमारीत सापडलेली गरिबांची पोरं, त्यांना कसलं आलंय छप्पर! पोरं पळू नयेत याचा विचार चार साहेबांनी केला, पोरं भाजू नयेत याचा एकानेही नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात एक पोरगं भरदुपारी उभ्या उभ्या कोसळलं, तेव्हा वरून औषध आलं. एक बाटली.

पहारेकरी सहदेव कडावचा, भातशेतीतला माणूस. त्याने बाटली खिडकीत ठेवली आणि डोकं चालवलं. पत्र्यावर वेल चढवायचा तर पळवाट आधी बंद हवी, आणि भिंतीबाहेरचं तारेचं कुंपण कागदावरच होतं, म्हणून पावसाळ्यात तिथे पोरांकडूनच खाजकुइली लावून घेतली. तिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस सालटी निघेस्तोवर खाजवतो. मग पौषात पत्र्यावर हातभर उंच बांबूचा मांडव घातला, बराकीच्या कडेला दुधी लावला, आणि साठ पोरांच्या आंघोळीचं पाणी चर खणून थेट आळ्यात सोडलं. फाल्गुन सरेपर्यंत पत्रा दिसेनासा झाला. दुपारी पोरं बराकीत घोरू लागली. रोज दुधीची भाजी खाऊन दुधीला शिव्याही घालू लागली.

मग चैत्रात तपासणीला चौबळसाहेब आले. मान वर करून बघितलं आणि लालबुंद झाले.

"ही शिडी कोणी लावली?"

"शिडी नाय साहेब, दुधी हाय."

"मला शिकवतोस? वेलावरून पत्र्यावर, पत्र्यावरून भिंतीवर, की पोरगं पसार! संध्याकाळच्या आत तोड."

चैत्र आता कुठे लागला होता. पुढे अख्खा वैशाख.

"साहेब, पोरं भाजतील वो. आन् पळून जाईल कुठं? बाहेर खाजकुइली हाय."

"कुइली नि फुइली! एकाला चढव. बघूच."

नेरळ स्टेशनात खिसे मारणारा गजा आपणहून पुढे झाला. माकडासारखा सरसर मांडवावर, तिथून एका उडीत भिंतीवर. साहेब खूश. सहदेव भिंतीखाली धावला.

"गजा, खाली ये रं!"

गजा भिंतीवर पाय सोडून बसला. बाहेर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "उतरू कुठं दादा? शेंगा वाळल्यात सगळ्या. पेरताना बोल्लो नव्हतो, गेटापुढं पन लाव म्हनून?"

पोरं खिदळली. चौबळसाहेबांना ते झोंबलं. फाटक उघडायला लावून तरातरा भिंतीमागे गेले.

"साहेब, हात नका लावू!" गजा वरून ओरडला. पण साहेब लोक पोराटोरांचं कधी ऐकतात? त्यांनी शेंगांचा झुपका धरून ओढला आणि घाम आला म्हणून त्याच हाताने मान पुसली.

पुढचा नाच सुधारगृहाने आधी कधी बघितला नव्हता. सहदेवने त्यांना धरून बराकीत आणलं, सदरा काढला. "पानी नको, शेन आना रं आपल्या मागल्या गोठ्यातलं!" पोरांनी घमेलं भरून आणलं. कोणी मानेला थापलं, कोणी पाठीला, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याने उगाच पोटाला. साहेब वेलाच्या गारव्यात डोळे मिटून कण्हत पडले. घटकाभराने खाज उतरली.

"इथे गार कसं रे?" ते पुटपुटले.

"शिडी हाय ना साहेब वर," गजा म्हणाला. तो केव्हाच खाली उतरून शेण लावायला घुसला होता.

साहेबांनी डोळे उघडून वर बघितलं. "राहू दे," एवढंच म्हणाले.

तेव्हा कुठे सहदेवला फाटक आठवलं. धावत गेला. सताड उघडं! अर्धा तास झाला असेल. कुलूप घालून परतला आणि एकेकाला बोट लावून पोरं मोजली. साठ. एवढा तमाशा सोडून जायला एकही तयार नव्हता.

फाटकाचं तो कोणालाच बोलला नाही. संध्याकाळचं आंघोळीचं पाणी आळ्यात सोडायला लागला.