हिस्केचं नाक

हिस्केने गुडघे टेकले, दोन्ही तळहात जमिनीवर ठेवले आणि खिडकीखालच्या जाळीला जवळजवळ नाकच लावलं. जाळीतून उबदार हवेचा झोत तोंडावर आला. तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि चटका बसावा तशी मागे सरली.

"डौवे!" ती ओरडली. "डौवे, खाली ये! घाण वास येतोय!"

वरून आधी दोन शिंका ऐकू आल्या, मग जिन्यावर पावलं वाजली. तिचा नवरा शेवटच्या पायरीवर येऊन थबकला. गळ्याला मफलर, हातात रुमाल, नाक बिटासारखं लाल. सर्दीने बेजार होऊन तो घरी राहिला होता, आणि त्या सर्दीपायीच त्याने आज या हंगामात पहिल्यांदा हीटिंग चालू केलं होतं.

"काय येतोय म्हणालीस?"

"वास! घाणेरडा, सडका वास!"

डौवे रुमाल नाकाशी धरून तसाच उभा राहिला. वास कसला, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. हिस्केला वास आला होता, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

चार हिवाळ्यांपूर्वी कालव्यावरच्या पुलावर गोठलेल्या पाण्यावरून तिची सायकल घसरली होती आणि डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली होती. जखम भरली, पण वास येणं थांबलं ते थांबलंच. दोक्कुम गावच्या बाजारात तिचा चीजचा गाडा होता. सुरी हुंगून चीज कुठल्या गोठ्यातलं ते सांगणारी बाई, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती. तो गाडा विकावा लागला. 'नस जुळली तर जुळली,' डॉक्टर म्हणाले होते, 'पण सांभाळा, कधीकधी मेंदू खोटे वासही दाखवतो.' दाखवलेही होते. एकदा तिला जळका वास आला, तिने अग्निशमन दलाला फोन केला. गल्लीत भला मोठा बंब येऊन उभा राहिला, आणि घरात काडीसुद्धा पेटलेली नव्हती. जवान हसतमुखाने कॉफी पिऊन गेले. शेजाऱ्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

"खरा असेल का रे?" आता तिचा आवाज खाली आला.

डौवे ओणवा झाला, जाळीला नाक लावलं आणि जोर लावून श्वास ओढला. नाकातून नुसती शिट्टी वाजली.

"माझ्या नाकाखाली आत्ता मेलेला मासा धरलास तरी मला कळायचं नाही."

"नेमकी आजच सर्दी व्हायची होती तुला!"

"मी काय मुहूर्त काढून शिंकायला लागलो?" तो म्हणाला, पण त्याचे डोळे चमकत होते. "हे बघ, दहा वाजत आले. बाउक्ये येईलच कॉफीला. तिला अवाक्षर सांगायचं नाही. ती आपणहून बोलली तर वास खरा."

बाउक्ये त्यांची शेजारीण. नवरा वारल्यापासून ती रोज न चुकता दहाच्या कॉफीला मागच्या दाराने यायची. बिचारीला सकाळ खायला उठते, असं हिस्के मनाशी म्हणायची. तिच्यासाठी हिस्केने सकाळचं पोहायला जाणंही सोडून दिलं होतं.

पण तोवर हातावर हात ठेवून बसणं हिस्केला शक्य नव्हतं. त्या ओळीतल्या सगळ्या घरांची रचना एकच: जिन्याखालच्या कपाटात हीटिंगची भट्टी, आणि तिचा पंखा जमिनीखालच्या आणि भिंतींतल्या नळ्यांतून प्रत्येक खोलीच्या जाळीपर्यंत गरम हवा ढकलायचा. हिस्के एकेका जाळीशी जाऊन हुंगू लागली. बैठकीत वास उग्र. वरच्या खोल्यांत पुसट. डौवेने भट्टीची गाळणी ओढून काढली. तिच्यावर करड्या धुळीचा थर साचला होता.

"ही धूळच जळत असेल. पहिल्या दिवशी जळतेच."

तिने गाळणी हुंगली. "नाही. हा जळका वास नाहीच. हा ओला आहे. सडक्या अंड्यांसारखा." आणि ती एकदम खदखदून हसली. "सडकी अंडी, डौवे! मला सडक्या अंड्यांचा वास आठवतोय!"

ती तशीच स्वयंपाकघरात धावली. कॉफीचा डबा उघडून त्यात तोंड घातलं. काही नाही. लवंग घातलेलं चीज मोडून नाकाशी धरलं. त्यातही काही नाही. साबण, कांदा, व्हिनेगर, सगळं मुकं. तिच्या हालचाली मंदावल्या. तिने चीज पुन्हा कागदात गुंडाळलं, कडा नीट दुमडल्या.

"कॉफीचा वास येत नाही आणि सडक्या अंड्यांचा तेवढा येतो, हे कसं होईल?" ती पाठमोरीच म्हणाली. "मागच्यासारखंच असणार."

तोच मागचं दार वाजलं.

"काय गारठा पडलाय ग!" बाउक्ये आत आली, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि टेबलाशी बसली. हिस्केने कॉफी ओतली, तर निम्मी बशीत सांडली. बडीशेपेची बिस्किटं पुढे झाली. डौवे दाराशी उभा राहून छताकडे बघत होता.

"काल मुलीचा फोन आला होता," बाउक्येने सुरुवात केली. "म्हणत होती, नाताळात आम्ही..."

ती मधेच थांबली. नाक वर झालं. कप खाली ठेवला गेला. दुसऱ्याच क्षणी ती ताडकन उठली, गॅसच्या शेगडीची बटणं एकेक करून तपासली आणि खिडकी सताड उघडली.

"बाहेर व्हा दोघं! घरात वास येतोय! आणि डौवे, तू असा खांबासारखा उभा काय? इतकी वर्षं रोज येऊन हुंगतेय मी, कधी काही नाही, आणि आज..."

डौवे मोठ्याने खोकला. पण हिस्केच्या मनाने तूर्त एकच शब्द धरला होता.

"कसला वास? बाउक्ये, कसला वास?"

"सडक्या अंड्यांचा! तुला नाही कळायचं, बाई, तू आधी बाहेर..."

हिस्केने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गालांचे तीनदा मुके घेतले. "मला कळतोय! तुझ्या आधी मला कळला!"

बाउक्ये तिच्याकडे बघत राहिली. मग मटकन खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली. "अग बाई! मग बसलीस काय? शोध की, कुठून येतोय!"

"मी कुठे बसलेय? तूच बसली होतीस!"

मग त्या घरात जी धांदल उडाली, ती त्या घराने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दोन वयस्क बायका रांगत रांगत जाळ्या हुंगत होत्या, आणि डौवे भट्टीपाशी उभा राहून त्यांच्या हुकमाने पंखा चालू-बंद करत होता.

"बंद कर! आता गेला. हो ना ग?"

"गेला. चालू कर! आला, आला!"

"म्हणजे पंखाच कुठून तरी ओढून आणतोय."

शेवटी हिस्के जिन्याखालच्या कपाटात पोटावर आडवी झाली. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते. भट्टीच्या मागे, भिंतीलगत, तिने बोटांनी चाचपडलं. तिथे जमिनीत पाणी जायची छोटी मोरी होती. तिने नाक जवळ नेलं, आणि आतून तिची विजयी आरोळी आली.

"इथे! इथेच आहे!"

डौवेने कपाळावर हात मारला. "मोरी सुकली! उन्हाळाभर थेंब गेला नाही तिच्यात. खालच्या वाकड्या नळीत पाणी साचून असतं, तेच गटाराचा वास अडवतं. ते आटलं, आणि आता पंखा गटारातली हवा खेचून घरभर फिरवतोय."

त्याने तांब्याभर पाणी आणलं, वर चमचाभर तेल घेतलं, म्हणजे पुन्हा लवकर आटायला नको. तो ओतणार एवढ्यात हिस्केने त्याचं मनगट धरलं.

"जरा थांब."

तिने मान खाली घातली आणि एक सावकाश, पोटभर श्वास घेतला. मग आणखी एक. बाउक्ये नाक चिमटीत धरून उभी होती.

"झालं का तुझं अत्तर हुंगून?"

"झालं. ओत."

खिडक्या उघड्या टाकून तिघं कोट घालून बसली. वास विरत विरत गेला. तो जाताना हिस्केला कळत होता, आणि गेला तेही कळलं. डौवेने भर सकाळी कडू जडीबुटीच्या दारूची बाटली काढली आणि तीन छोटे पेले भरले.

पहिला घोट घशाखाली गेल्यावर हिस्केने पेला खाली ठेवला. "रोज येऊन हुंगते म्हणालीस, ते काय होतं ग?"

डौवे रुमालात तोंड लपवून शिंकला. ती शिंक खरी नव्हती.

"सांगून टाक आता," बाउक्ये त्याला म्हणाली.

"मी दिवसभर कालव्यावर, बोटींसाठी पूल उघडायच्या ड्यूटीला," तो चाचरत म्हणाला. "तू घरात एकटी. गॅस चालू राहिला, काही करपलं, तर? म्हणून हिला म्हटलं, सकाळी एक फेरी मारत जा. तुला सांगितलं असतं तर तू हिला हाकललं असतंस."

"हाकललंच असतं!" हिस्के बाउक्येकडे वळली. "आणि मी समजत होते तुला एकटं वाटतं म्हणून येतेस! पोहायला जाणं सोडलं मी तुझ्यापायी! तुझ्या मुलीच्या सासूचं दुखणं मला तोंडपाठ झालंय!"

"आणि मी? मी तुझी ती पांचट कॉफी रोज संपवली! वास येत नव्हता म्हणून तू काय ढवळून देत होतीस, देवाला माहीत!"

"पांचट?"

"भांडी धुतलेलं पाणी बरं!"

तिघंही हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. हसू ओसरल्यावर बाउक्येने पेला धुऊन पालथा घातला आणि कोटाची बटणं लावली.

"चला," ती म्हणाली. "माझं काम संपलं."

डौवेला तेव्हा खरी शिंक आली होती. हिस्के रिकामा पेला नाकाशी धरून काही वास लागतोय का ते बघत होती. दार लागल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

दुसऱ्या दिवशी डौवे कामावर गेला. हिस्केने पोहण्याची पिशवी माळ्यावरून काढून झटकली. कॉफीत एक चमचा जास्त घातला. दहा वाजून गेले. मागचं दार वाजलं नाही. घर उबदार होतं, आणि हवेला कसलाही वास नव्हता. तिने खिडकीतून कुंपणापलीकडे पाहिलं. बाउक्ये आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून एकच कप पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

हिस्केने पिशवी खुंटीला टांगली. कुंपणातल्या फटीतून ती पलीकडे गेली आणि काचेवर टकटक केलं.

"बाउक्ये, जरा चल बघू. आमच्याकडे वास येतोय."

"परत?" बाउक्येच्या हातातला कप थांबला. "पाणी ओतलं ना काल?"

"ओतलं. तरी येतोय."

बाउक्येने कोट चढवला आणि तिच्या मागोमाग आली. दारातून आत येताच तिने सवयीने नाक वर केलं. बराच वेळ ती हुंगत राहिली. जिन्याखालच्या कपाटाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. तिथे दोन कप मांडलेले होते. तिने पुन्हा एकदा श्वास घेतला, अगदी शहानिशा करून घ्यावी तसा.

"येतोय खरा," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "पण कुठून, ते शोधायला वेळ लागेल हं."