लंकाबाईची पाण्याची टाकी

“टाकीला हात लावाल तर बघा!” म्हणत लंकाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तोवर आतलं पाणी हंड्या-कळशांत ओतून घेतलं होतं आणि टाकी खांद्यावर मारली होती. ऐंशी लिटरची, तोटीची, घट्ट झाकणाची स्टीलची टाकी. दोन हंगाम ऊसतोडीच्या कोपीत राहून, कोयता चालवून लंकाबाईनं ती घेतली होती. हौस म्हणून नव्हे. कारखान्याचं घाण पाणी झिरपून विहीर नासली होती, तिच्यात वाकून बघितलं तरी वासानं डोकं उठायचं. दर चौथ्या दिवशी टँकर येई, तेवढंच प्यायचं पाणी.

“अगं, दोनच दिस,” अजिनाथ म्हणाला. तो कारखान्याच्या चेअरमनचा, काकासाहेबांचा, ड्रायव्हर. “साहेबांनी निस्त्या इथेनॉलवर चालनारी गाडी आनलीय. आयतवारी भंडारदऱ्याला जाऊन माघारी यायचं, पेट्रोलचा थेंब न घालता. पेपरवाले संगं हायत. आन हे तेल लई लवकर सरतं, गाडीच्या टाकीवर भागायचं न्हाई.”

“मंग वाटंत भरा.”

“पंप कुठंय वाटंत? कारखान्यावरच मिळतं. म्हनून डिक्कीत दुसरी टाकी बसवायची. अमृत वेल्डर म्हनतो, पत्रा गंजतो, दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनला हे खाऊन टाकतं, स्टीलच पायजे.”

“सायबाच्या घरात स्टील न्हाई का?”

“त्यांच्या घरात मी मागाया जाऊ? पर्मनंट करतो म्हनलेत मला!”

“आन मंगळवारी टँकर आल्यावर पानी काय पदरात घिऊ?”

“सोमवारी आनून देतो. आईची आन.”

लंकाबाई बाजूला झाली. सात वर्षं नवरा त्या पर्मनंटच्या मागं पळत होता, तिचा नाइलाज झाला.

अजिनाथनं शब्द पाळला, एवढं मात्र खरं. सोमवारी दुपारीच टाकी दारात आली. अमृतनं तिला खालून भोक पाडून नळी बसवली होती, काढल्यावर भोक बुजवून सांध्यात एम-सील भरलं होतं. झाकण उघडलं अन् लंकाबाईनं नाकाला पदर लावला. तिनं राखेनं टाकी घासली, चिंचेनं घासली. उरलेल्या दोन कळशा त्यातच गेल्या, पण सांध्यातला वास हटेना.

मंगळवारी टँकर आला. बाया भांडत होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हंड्या-कळशांत चार दिवसांचं पाणी मावत नव्हतं, अन् दुसरं मोठं भांडं घरात नव्हतं. लंकाबाईनं टाकीच भरली. ते पाणी दारातल्या शेळीपुढं धरलं, तर तिनं वास घेऊन मान फिरवली. माणसं मात्र तेच प्यायली.

बुधवारी खुद्द काकासाहेब घरी आले. हातात पेपर. गाडीला टेकून हसणारा त्यांचा फोटो मोठा, मागं अजिनाथचा अर्धा कान.

“वहिनी, आपल्या मातीतल्या उसावर गाडी पळाली! तुमच्या टाकीनं लाज राखली बघा.”

“आन ह्यांच्या पर्मनंटचं?” लंकाबाईनं सरळ विचारलं.

“बघू की पुढच्या मीटिंगला.” काकासाहेब खाटेवर बसले.

दारात आलेल्या माणसाला पाणी द्यावं लागतं. लंकाबाईनं तोटी सोडून पेला भरला अन् पुढं केला. काकासाहेबांनी ओठाला लावला आणि तोंड कडू करून खाली ठेवला.

“वास कशाचा येतोय हो?”

“तुमच्या गाडीचा, सायेब,” ती म्हणाली. “आधी हिरीत हुता, आता घरातबी आला.”

अजिनाथची मान खाली गेली. काकासाहेब कसनुसं हसले. “अजिनाथ, गाडीतली पाण्याची बाटली आण रे जरा.” अजिनाथ धावत गेला आणि त्यानं बूच उघडून बाटली साहेबांच्या हातात दिली. दोन घोट पिऊन ते उठले.

गाडीचा धुरळा खाली बसला. खाटेखाली पेला तसाच भरलेला होता. सांडून द्यावा असं लंकाबाईच्या फार मनात आलं. पण टँकर आता शनिवारी येणार होता. तिनं पेला उचलला, टाकीचं झाकण काढलं आणि एक थेंबही बाहेर जाऊ न देता पाणी परत आत ओतलं.