नऊ माणसांचा रस्ता

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं आणि घर इतकं चिडीचूप होतं की त्या एवढ्याशा आवाजानेही मी दचकले. जरा वेळाने पुन्हा, टक्. टक्.

जेवणाच्या टेबलाखाली वाकून पाहिलं, तर चिऊ मांडी घालून बसलेली. माझी लेक, पाच वर्षांची. हातात माझं मोजायचं यंत्र. मुठीत मावेल एवढं लोखंडी, वर एक बटण. दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो. सुईदोऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी ठेवलं होतं मी ते. ठेवलं कसलं, लपवलंच होतं.

"काय मोजतेयस गं?" मी कुजबुजले.

"बाळाचे श्वास. तू मध्येच बोललीस ना, एक मोजायचा राहिला."

मी मुकाट्याने खुर्चीवर बसले आणि कागद पुढे ओढले. माझं ऑफिस हेच. बाळ झोपलं की मी कामावर जाते, म्हणजे ओट्यापासून टेबलापर्यंत. आर्किटेक्टचं ऑफिस आमचं, चार माणसांचं. बाळंतपणानंतर आठ महिने मला कामाचं कोणी विचारलं नव्हतं. सरांनी विचारलं. म्हणाले, "नकाशे आम्ही काढू, अर्ज तुम्ही घरून लिहा. तुमची भाषा म्हणजे लोणी हो, साहेब लोकांच्या घशाखाली अलगद उतरते." त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता! घरात कामाच्या कागदांचा एक गठ्ठा असावा, त्यावर बाळाचं दूध सांडू नये म्हणून जपावं, एवढंही सुख असतं.

चिऊच्या शाळेच्या वाटेवर जुनं गोदाम आहे, ते पाडून तिथे चौऱ्याऐंशी घरं होणार आहेत. तेच काम माझ्याकडे आलं. नियम असा की पुढचा फूटपाथ दोन मीटरपेक्षा अरुंद चालत नाही, आणि मोठ्या बुंध्याचं झाड तोडता येत नाही. तळघरात गाड्या उतरवायचा उतार मात्र नकाशात थेट फूटपाथवर येऊन टेकला होता आणि त्याच्या तोंडाशी सहा झाडं. तेव्हा दोन्ही नियमांतून सूट मागायची ठरली. दोन अर्ज. पहिल्यात मी लिहिलं, जुन्या झाडांच्या मुळांना धक्का लागू नये म्हणून फूटपाथ एक मीटरचाच ठेवू द्यावा. दुसऱ्यात लिहिलं, सदर झाडांचा पादचाऱ्यांना अडथळा होतो, सबब सहाही काढू द्यावीत.

"सर, हे दोन अर्ज एकमेकांना भेटले तर मारामारी करतील," मी फोनवर म्हटलं होतं.

सर खो खो हसले. "भेटतात कुठले! महापालिकेत एक जातो तळमजल्यावर, दुसरा चौथ्या. आणि लिफ्ट बंद आहे."

मीही हसले होते. हे सांगायला हवं, कारण नंतरचं सगळं मी बिचारी म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल.

फूटपाथच्या अर्जाला गणना जोडावी लागते. कामाच्या दिवशी दोन तास उभं राहून, माणसं किती चालतात ते मोजायचं. सरांनी यंत्र दिलं आणि म्हणाले, "तुमच्या सवडीने करा." माझी सवड म्हणजे दुपारी एक ते तीन. चिऊ शाळेत, बाळ झोपलेलं, आणि त्याच्यापाशी सासूबाई. "जा गं तू, मी आहे," त्या म्हणाल्या होत्या. मी गोदामासमोरच्या पायरीवर बसले. ऊन मी म्हणत होतं. दोन तासांत नऊ माणसं गेली. त्यातला एक तर हरवलेली चप्पल शोधत दोनदा आला, त्याला मी एकदाच धरला. एवढी प्रामाणिक!

घरी येऊन लिहिलं, "सदर रस्त्यावरील पादचाऱ्यांची वर्दळ नगण्य आहे." नगण्य. शब्द कसा चपखल बसला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, गणनेखाली माझी सही केली आणि बाळ उठायच्या आत अर्ज पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच फूटपाथवरून शाळेत निघालो. बाळाची गाडी मी ढकलतेय, पुढे चिऊ, आणि तिचं बोट धरून सासूबाई. गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांच्या हातात खाली चार पाय असलेली काठी असते. त्या, काठी आणि नात मिळून जवळजवळ सगळा फूटपाथ व्यापतात. मागून मुलं, आया, दप्तरं, वर्दीतल्या नर्सबाई, सगळी रीघ. अगं बाई, ही एवढी माणसं! ही सगळी माझ्या कागदावर नाहीत.

तशीच खिशात हात घालून यंत्र दाबत राहिले. पाव तासात एकशे त्रेसष्ट.

सरांना फोन केला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ताई, वेळ कोणती ते नियमात लिहिलंय का?"

"नाही, पण..."

"दुपार दिवसातच येते ना? मग झालं तर. तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत. आता उगाच खाजवून खरूज काढू नका. आणि हो, पुढच्या महिन्यात अजून दोन कामं येताहेत, तुमच्यासाठीच ठेवलीत."

मी "बरं" म्हटलं. एकशे त्रेसष्ट हा आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी घातली आणि यंत्राबरोबर सुईदोऱ्याच्या डब्यात टाकली. याला आता तीन आठवडे झाले.

कुलपात किल्ली फिरली. सासूबाई व्यायामाच्या दवाखान्यातून परतल्या होत्या. काठीचे चार पाय लादीवर टेकत त्या आत आल्या आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"वाचलंस का तू? गोदामासमोरच्या झाडावर नोटीस ठोकलीय, झाडं तोडायची आणि फूटपाथ एक मीटरचा करायची. खिळा मारून! ज्याला तोडायचं त्याच्याच छातीत खिळा."

"हळू, आई. बाळ झोपलंय."

"झोपू दे. कागद घे. हरकत घ्यायची उद्या शेवटची तारीख आहे. तुझ्यासारखी लिहिणारी घरात असताना मी कुणाच्या दारात जाऊ? लिही."

मी कागद घेतला. समोर माझ्याच अर्जाची प्रत पडली होती. तिच्यावर वर्तमानपत्र सरकवलं.

"लिही, की मी अडुसष्ट वर्षांची बाई, रोज सकाळी नातीला हाताला धरून या वाटेने शाळेत पोचवते. एका मीटरमध्ये मी आणि माझी काठी मावतो, नात मावत नाही. मग तिने काय गाड्यांमधून चालायचं? लिहिलंस?"

"लिहितेय."

"आणि नोटिशीतलं ते नगण्यचंही लिही. म्हणे दोन तासांत नऊ माणसं! अगं, नऊ तर माझ्या पाठीला धक्के मारत असतात, 'आजी सरका, आजी सरका' करत. कुठला आंधळा बसवला होता मोजायला?"

माझं पेन थांबलं. हरकत गेली तर आकडा तपासला जाणार. आकडा तपासला तर खाली कोणाची सही आहे ते बघितलं जाणार. त्या दोन कामांचं मग नावही निघणार नाही, आणि हे टेबल पुन्हा नुसतं जेवणाचं होईल. नाही गेली, तर शाळेची वाट एका मीटरची, आणि चिऊ रस्त्यावर. इतकं सोपं होतं ते. सोपं असूनही माझा हात पुढे सरकत नव्हता.

"काय झालं गं? अडलीस का? तू तर पानंच्या पानं लिहितेस."

"नाही... शब्द शोधतेय."

"शब्द कसले शोधायचे? जे आहे ते लिही."

टेबलाखालून चिऊ रांगत बाहेर आली. केस विस्कटलेले, यंत्र उंच धरलेलं. "आजी, आंधळा नव्हता काही. माणसं मोजायचं यंत्र आईकडे आहे. हे बघ."

टक्.

सासूबाईंनी यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वर्तमानपत्राखालून डोकावणाऱ्या कागदाच्या कोपऱ्याकडे. त्या दुपारी बाळापाशी कोण बसलं होतं, आणि ऊन लागून मी लालबुंद होऊन परत आले तेव्हा पाण्याचा पेला कोणी पुढे केला होता, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना मी पाहिलं. मग त्यांनी काठी बाजूला उभी केली आणि त्या सावकाश माझ्यासमोर बसल्या.

मी उठले. सुईदोऱ्याचा डबा आणला, चिठ्ठी काढली आणि टेबलावर उलगडून ठेवली. एकशे त्रेसष्ट. पेन पुन्हा हातात घेतलं.

"आई, हा शाळेच्या वेळेचा आकडा," मी म्हटलं आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे केली.

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बोटाने कागदाकडे सरकवली. "हा घाल. आणि कोणी मोजला तेही घाल."

चिऊ माझ्या मांडीवर चढली, यंत्राचं चाक फिरवून आकडा शून्यावर आणला आणि एकेक करून नऊपर्यंत दाबत गेली. थांबली. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, त्या नऊ माणसांत मी कितवी?"