लॅबमधला सात नंबर आणि उर्वशीचा अँटेना

मित्रांनो, गोंदियाबाहेर फुलचूरच्या बाजूला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या लॅबमधला सगळ्यांत जुना संगणक तो मीच. डब्यावर सातचा आकडा रंगवलेला असल्यामुळे सगळे मला सात नंबर म्हणतात. वय झालं असलं तरी गणितात मी कुणाला हार जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२००३ साली मी खोक्यातून बाहेर आलो, तेव्हा माझा थाट काही और होता. पोरं चपला बाहेर काढून लॅबमध्ये येत. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. पुढे नवे संगणक आले आणि गरज सरो, वैद्य मरो या न्यायानं माझी रवानगी कोपऱ्यात झाली. मी मधूनच अडकून बसायचो, हेही खरं. अडकलो की पोरं डब्यावर थपडा मारत. मला त्याचा फार राग येई.

२००९ साली कामठ्याची उर्वशी बिसेन माझ्यापुढे बसली. नव्या संगणकांवर तिचा नंबर लागला नव्हता. ती शेवटच्या वर्षाला होती आणि तिला एक चपटा, तांब्याच्या चौकोनाचा अँटेना तयार करायचा होता. प्रत्यक्ष बनवण्याआधी त्याचं चित्र माझ्यावर काढायचं आणि त्याच्या लहरी समोर किती जोरात जातील, ते माझ्याकडून मोजून घ्यायचं. त्या जोराला गेन म्हणतात. तो सहाच्या आसपास यायला हवा होता. येत होता दोन.

पोरीनं काय नाही केलं! तांबं तपासलं, खालच्या पाटीचा पदार्थ तपासला, वीज जोडायची जागा चार वेळा सरकवली. गेन दोनावरून हलेना. प्रोजेक्ट तपासणाऱ्या रुचि मॅडमनी सांगितलं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर कपाटातला मागच्या वर्षीचा तयार प्रोजेक्ट घे. वर्गातल्या ओमेशनं तर रिपोर्टमध्ये सरळ सहा लिहून टाकायचा सल्ला दिला. उर्वशीनं दोघांचंही ऐकलं नाही. तिला स्वतःचा अँटेना हवा होता आणि आकडाही खराच हवा होता. मला तिचा अभिमान वाटला.

गुरुवारी सकाळी लॅबचे खेमराजभाऊ झाडू घेऊन आले. उर्वशीनं बटण दाबलं होतं आणि मी नुकताच सुरू होत होतो. सुरू होताना माझी मेमरी किती, ते मी रोज पडद्यावर सांगतो. त्या दिवशी प्रथमच कुणीतरी ते वाचलं.

"याच्यात मेमरीच्या दोन पट्ट्या मीच टाकल्या व्हत्या," भाऊ म्हणाले. "हा एकच काऊन मोजून राहिला?"

त्यांनी मला उघडलं. आत बोटभर धूळ आणि पालीची दोन अंडी. एक पट्टी ढिली झाली होती. भाऊंनी तिचे दात खोडरबरानं घासले आणि ती दाबून बसवली. माझी मेमरी दुप्पट झाली. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मेमरीचा नवा आकडा वाचून उर्वशीनं लगेच आपलं चित्र उघडलं आणि अँटेनाभोवतीच्या चौकटीवर बोट ठेवलं. अँटेनाच्या चित्राभोवती हवेची अशी एक चौकट काढावी लागते; मी तिच्या आतल्याच लहरी मोजतो. मोठ्या चौकटीनं मी अडकतो, म्हणून तिनंच पहिल्या आठवड्यात ती कापून पाच मिलिमीटरवर आणली होती. चौकटीची भिंत लहरी शोषून घेते. ती इतकी जवळ आल्यावर अँटेनाचा जोर बाहेर पडण्याआधीच तिच्यात जिरत होता. मी दिलं तेवढंच इमानदारीनं मोजत होतो.

तिनं भिंत अँटेनापासून बत्तीस मिलिमीटर लांब नेली. पाच तास मी घरघरत होतो, पण अडकलो नाही. गेन आला सहा पूर्णांक एक. शुक्रवारी तिनं भिंत आणखी दहा मिलिमीटर सरकवून पाहिली. आकडा जागचा हलला नाही, तेव्हाच तिनं तो वहीत लिहिला.

शनिवारी मॅडमनी विचारलं, अँटेनात काय बदललंस?

"काहीच नाही, मॅडम. अँटेना पहिल्यापासून बरोबर होता. सात नंबरला कमजोर समजून मीच त्याला अर्धं काम सांगून राहिली होती."

मित्रांनो, डब्यावर थपडा मारणाऱ्यांपेक्षा ती पोर मला जपत होती, पण तिच्या त्या दयेनंच तिचा घात होणार होता. म्हणून एवढंच मागतो. आम्हां जुन्यांची दया करू नका. आमच्या आतली धूळ काढा, आम्ही सांगतो ते वाचा आणि मग काम पूर्ण सांगा.