थांब्या

भोसरीच्या सुजितला मेलेली माणसं उठवायचा नाद होता. टेबलावरच्या खेळापुरता, एवढंच. खेळ असा की चौघांनी टेबलाभोवती बसायचं, तिघांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी वैदू, आणि चौथ्याने, म्हणजे सुजितने, त्यांच्यापुढे गोष्ट रचायची. मारामारी आली की फासे टाकायचे. या खेळाची भुतं छापील पुस्तकांत तयार मिळतात. पण ती परदेशी बर्फातली हाडकं सुजितला काही पचत नव्हती. तो आपली भुतं घरीच घडवायचा.

दिवसा तो वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा, म्हणून भुताचंही ड्रॉइंगच काढायचा. दात किती, नखं किती, हे सगळं नंतर. आधी एकच ठरवायचं, या माणसाचं कोणतं काम राहिलं? ते ठरलं की बाकीचं आपोआप जुळून येतं, असं त्याचं म्हणणं. मागच्या खेपेला त्याने एक शेतकरी उठवला होता. कारखान्यांच्या भिंतींतून आरपार नांगर घालत तो आपला बांध शोधत फिरायचा. तलवारीला तो दाद देईना. शेवटी चुन्याची रेघ मारून बांध दाखवला तेव्हा निवला. सुजितचे वडील अर्जुनराव दारात उभं राहून ऐकत होते. त्याला जमिनीच्या मोजणीची तारीख मिळाली असती तर तो मेलाच नसता, एवढं बोलून ते खाली भाडेकऱ्यांच्या पाण्याची मोटर बंद करायला गेले.

या खेपेचं भूत कारखान्यातलं होतं आणि त्याचं नाव थांब्या. पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येईपर्यंत मशीन सोडायचं नाही, हा इकडचा रिवाज. लेखी कुठे नाही, पण मोडला तर सुपरवायझर सालटं काढतो. थांब्याचा रिलिव्हर आलाच नाही. वाट बघता बघता तो मेला आणि मेल्यावरही मशीनपाशीच उभा राहिला. मारला तरी पुन्हा उठायचा. सुटका एकच, कुणीतरी जवळ जाऊन म्हणायचं, मी आलो, तू जा. मेख अशी की जो म्हणेल तो तिथे अडकणार, त्याचा रिलिव्हर येईपर्यंत. सुजित या मेखेवर भलताच खूश होता.

सुट्टीच्या दुपारी वरच्या खोलीत मंडळी जमली. ओंकार माणच्या आयटी कंपनीतला, तोंडाने शूर. पूनम एका इस्पितळात नर्स. आणि कुलदीप, मूळचा लातूरकडचा, चाकणच्या कंपनीत कामाला आणि कुरुळीत खोली करून राहणारा. तो फार दिवसांनी आला होता. कुणी दांडी मारली की सुपरवायझर यालाच फोन करायचा आणि हा जायचा. कुलदीपला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या कंपनीला पाठ होतं. गेल्या काही महिन्यांत तो वाळून निम्मा झाला होता. आज तो आला, याचा सुजितला मनापासून आनंद झाला होता, कारण जिवाभावाचा म्हणावा असा त्याला हा एकच मित्र.

सुजितने रंगवून सांगायला सुरुवात केली. जुनी शेड. लोखंड कातायच्या लेथ मशीनवर पाठमोरा माणूस, खांद्यावर पंचा. जॉब, म्हणजे कातून झालेला भाग, उतरवतो, बोटाच्या पेराने दोनदा वाजवतो, कानाशी नेतो, मगच खाली ठेवतो. पावलं वाजली की मान न वळवता विचारतो, "आला का रं?"

ओंकारने लगेच तलवार काढली. फासे छान पडले, थांब्या कोसळला, उठला आणि पुन्हा लेथवर जाऊन उभा राहिला. पूनमने मंतरलेलं पाणी शिंपडून पाहिलं. तो पंच्याने तोंड पुसून पुन्हा कामाला लागला. ओंकारला हसू आवरेना. कुलदीपने मात्र फाशांना हातच लावला नव्हता. तो सुजितकडे बघत होता.

तेव्हा कुठे सुजितच्या डोक्यात उजेड पडला. पंचा किसनमामांचा होता. ती टकटक त्यांची, ती हाकही त्यांचीच. किसनमामा म्हणजे कुलदीपचे वडील. सुजित शिकाऊ असताना त्यांच्या शेजारच्या मशीनवर उभा असायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रिलिव्हर गावच्या जत्रेत राहिला, मामा दुसऱ्या पाळीलाही थांबले, आणि मशीनपाशी जे बसले ते उठलेच नाहीत. सुजित मातीला गेला होता. एवढं असून त्याने तो माणूस जसाच्या तसा उचलला आणि स्वतःची कल्पना म्हणून मिरवत बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलदीप आता उठेल, जिना उतरेल आणि परत कधी ही पायरी चढणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

हे भूत रद्द करू, दुसरं घेऊ, असं तो कसंबसं पुटपुटला.

"राहू दे," कुलदीप म्हणाला. "सुटायचं कसं, ते सांग."

खेळात असं सांगायचं नसतं. सुजितने सांगून टाकलं, मेखेसकट.

कुलदीपचा मोहरा म्हणजे एक लोखंडी नट होता. त्याने तो उचलला आणि टेबलावर मांडलेल्या शेडच्या नकाशावर लेथच्या चौकोनात ठेवला.

"बाबा, मी आलो. तुमी जा आता."

गोष्ट पुढे नेणं सुजितला भाग होतं. थांब्याने मशीन पुसलं, पंचा झटकला, डबा उचलला आणि तो दाराबाहेर गेला, असं त्याने सांगितलं. पूनमने ओढणीने डोळे पुसले.

आता कुलदीपचं सोंग तिथे अडकलं, त्याचं काय, असं ओंकारने विचारलं. सुजित घाईघाईने म्हणाला की एवढ्यापुरता नियम सोडून देऊ.

"कशाला?" कुलदीप म्हणाला. "त्यांना कुणी सोडलं व्हतं?"

मग पूनमने आपली बाहुली सरकवत नटाशेजारी आणली. "मी आले. तू जा," ती म्हणाली. तिच्यामागची पाळी आपली, असं ओंकारने सांगून टाकलं, आणि या वेळी तो हसत नव्हता. पाळीपाळीने येत राहिलो तर कुणाचा थांब्या होईल का, असं पूनमने विचारलं. सुजितने ड्रॉइंग खालीवर करून पाहिलं. होणार नव्हता. नियम त्याचाच, पण हे त्याला सुचलंच नव्हतं, कारण असं होताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात कुलदीपचा फोन वाजला. सुपरवायझर. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नव्हता, हे फोन न उचलताही चौघांना कळलं. कुलदीप उठून उभा राहिला. सवयीने त्याचा हात गाडीच्या किल्लीकडे गेला आणि सुजितने मान खाली घातली.

"साहेब, काल दोन पाळ्या केल्यात," कुलदीप फोनवर म्हणाला. "आज न्हाई जमणार. दुसरा बघा."

पलीकडचा आवाज चढला. तो खोलीभर ऐकू येत होता. कुलदीपने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवला. तो परत खुर्चीत बसला आणि त्याने नकाशावर लेथपाशी उभ्या असलेल्या पूनमच्या बाहुलीकडे बोट केलं.

"ओंकार, ऊठ," तो म्हणाला. "पूनम कवापासून उभी हाय."